साय न धरलेलं रक्त

नसरापूरच्या बाजारपेठेत माझी रक्त-लघवी तपासण्याची लहानशी लॅब होती. राहायला मी भोरला. त्यामुळे भोरहून सकाळी सुटणाऱ्या एसटीची आणि माझी सोबत माझ्या लग्नाच्याही आधीपासूनची. आता लॅब भाची सांभाळते आणि मी घरी बसून नातेवाइकांचे रिपोर्ट फुकटात वाचून देते. पण इतकी वर्षं हातांनी जे केलं, ते अजून बोटांतून गेलेलं नाही. कुणाचा दंड दिसला की मी आधी शीर बघते आणि मग तोंड.

आमचं काम बाहेरून अगदी सोपं दिसतं. सुई टोचायची, रक्त घ्यायचं, कागद द्यायचा. मधलं कुणाला दिसत नाही. नळीतलं रक्त गोठलं की ती मशीनमध्ये गरगर फिरवायची. लाल गोळा तळाशी बसतो आणि वर पिवळसर पाणी उरतं. त्याला आम्ही सीरम म्हणतो. साखर, किडनी, लिव्हर, कोलेस्टेरॉल या सगळ्याचा शोध त्या चमचाभर पाण्यात घ्यायचा असतो. निरोगी माणसाचं सीरम कसं दिसतं म्हणाल, तर उन्हात धरलेल्या पातळ चहासारखं, स्वच्छ, आरपार दिसणारं. काविळीचं हळदीसारखं होतं. आणि रक्तात चरबी फार वाढली, तर ते दुधासारखं पांढरं होतं. पहिल्यांदा पाहणारा माणूस दचकतोच.

आठवड्यातून एक दिवस मी वेल्ह्याला जायची. तिथल्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या ओसरीवर टेबल मांडून रक्त घ्यायची आणि नळ्या थंड डब्यात भरून नसरापूरला आणायची. तिथं पानशेतहून घाट चढून एक हॉटेलवाले यायचे. किडनी अधू, वजन भरपूर, बोलणं त्याहून भरपूर. रिकाम्या पोटी या म्हटलं की छातीवर हात ठेवून सांगायचे, "बाई, रातच्याला नुसता वरणभात. तो बी घासभर." आणि नळी फिरवली की वर पांढरं फटक. मी फोन करून विचारायची, "वरणात काय होतं?"  पलीकडून आवाज यायचा, "गिऱ्हाइकांनी आग्रव केला वो. पुण्याची माणसं, न्हाई कसं म्हनायचं?" मग परत या, परत टोचून घ्या. गृहस्थ कुरकुरत यायचे, पण यायचे.

त्यांच्यासारख्यांना समजावणं सोपं. अवघड असतात ती बारीक माणसं. वेल्ह्याच्या तहसील कचेरीतून निवृत्त झालेले एक कारकून होते, काडीसारखे. किडनी कित्येक वर्षांपासून दुखावलेली. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची तपासणी लिहून दिली की ते हसायचे. "माझ्या अंगावर मूठभर मांस नाही आणि तुम्ही चरबी शोधताय?" मी सांगून पाहिलं, डॉक्टरांनी सांगून पाहिलं. किडनी बिघडली की चरबीची सगळी घडीच विस्कटते. रक्तातली चांगली चरबी कमी होते, वाईट साठत जाते, शिरा आतून कडक होतात, आणि हे बारीक माणसालाही होतं. किडनीच्या रुग्णांचा घात पुष्कळदा हृदय करतं. त्यांना ते पटलं नाही. एका सकाळी बांधावर बसल्या जागी छाती धरून ते गेले. तपासणी झाली असती तर वाचले असते, असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता येत नाही. पण त्यांचा तो हसरा चेहरा आठवला की वाईट वाटतं.

मला सांगायची आहे ती गोष्ट मात्र पूनमची.

वेल्ह्याच्या पलीकडे, तोरण्याच्या पायथ्याला तिचं सासर. माहेर वरवे बुद्रुकचं, म्हणजे माझ्या लॅबपासून जवळच. नवरा संतोष टेम्पो चालवायचा. पहिलं बाळंतपण होऊन काही महिने झाले होते. त्या दिवशी तिला वेल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन आली ती तिची सासू, हिराबाई. उंच, करारी बाई, कासोटा घातलेली.

पूनम चांगली गोरीगोमटी, गुबगुबीत दिसत होती. ओसरीवरच्या एका बाईनं कौतुकही केलं, "बाळंतपन मानवलंय पोरीला." हिराबाईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि मला म्हणाली, "बाई, समदी असंच म्हंत्यात. पर ही गुबगुबी खरी न्हाई. सकाळच्याला डोळं उघडत न्हाईत हिचं. आन ह्ये बघा." तिनं सुनेची साडी जराशी वर करून नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

डॉक्टरांनी बघितलं आणि रक्त-लघवी लिहून दिली. लघवीला फेस येत होता, ताकासारखा. पट्टी बुडवली तर गडद हिरवी झाली. पट्टी हिरवी होणं म्हणजे लघवीतून प्रथिनं वाहून जाताहेत, आणि इतकी गडद म्हणजे भरपूर. रक्त घेऊन मी नसरापूरला आले, नळी फिरवली, आणि झाकण उघडून तशीच उभी राहिले. वर शुद्ध दूध. पानशेतच्या हॉटेलवाल्यांचं इतकं पांढरं मी कधी पाहिलं नव्हतं.

ती जेवून आली होती, म्हणून एकदम निष्कर्ष काढायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी तिला लॅबवरच बोलावलं. संतोष टेम्पोतून घेऊन आला. पुन्हा रक्त घेतलं, आणि पुन्हा तेच दूध. कोलेस्टेरॉल इतकं की मशीननं आकडाच दाखवला नाही. नमुना पातळ करून पुन्हा लावला तेव्हा तो पाचशेच्या वर निघाला. उलट रक्तातलं प्रथिन, जे भरपूर असायला हवं, ते तळाला गेलेलं. मी वेल्ह्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं. किडनी गळतेय. उद्याच पुण्याला किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवा. थांबण्यात अर्थ नाही. असं रक्त शिरेत गोठायची भीती असते."

संतोषला मी सगळं नीट सांगितलं. पण माणूस घाबरला की त्याच्या कानात एखादंच वाक्य शिरतं. त्यानं सासरी वरव्याला फोन करून सांगितलं ते एवढंच, की पूनमच्या रक्तात चरबी झालीये.

दुसऱ्या दिवशी पुण्याला जायच्या वाटेवर रिपोर्ट घ्यायला संतोष, पूनम आणि तान्ह्याला कडेवर घेतलेली हिराबाई लॅबमध्ये आली. आणि त्यांच्या पाठोपाठ वरव्याहून पूनमची आई शालन आणि मामा येऊन थडकले. शालनबाईंनी पायरी चढता चढताच तोंड सोडलं.

"तूप वतून वतून माझ्या लेकीच्या रगताचं दूध केलंसा, इहीणबाई! म्या म्हनलं व्हतं, बाळंतीन माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. न्हाई! तुमास्नी लाडू चारायची हौस."

हिराबाईनं तान्ह्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. घरच्या म्हशीचं तूप, डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, सगळं तिनं स्वतःच्या हातानं केलं होतं आणि आळीभर सांगितलंही होतं. आता तेच तिच्यावर उलटलं होतं.

मामा शांतपणे म्हणाले, ते जास्त भीतीदायक होतं. "पुन्याला न्हेऊन काय करनार? मोठ्या दवाखान्यात सुईच घालत्यात किडनीत. आमच्याकडं एकजन हाय, चरबी इरघळायचा काढा देतो. आठ-पंधरा दिस पोरीला निस्त्या पान्यावर ठिवायची. चल गं पूनम, बस गाडीत."

संतोष एकदा आईकडे बघे, एकदा सासूकडे. हिराबाई अखेर बोलली, पण तिचा आवाज खाली आला होता. "बाई, खरं सांगा. म्या केलं का ह्ये? पोटच्या लेकीला घातलं न्हाई त्ये हिला घातलं. लई झालं का त्ये?"

त्या बाईच्या तोंडावरचा तो भाव मी विसरणार नाही. कुणी दोष दिला म्हणून ती दुखावली होतीच, पण त्याहून वाईट म्हणजे, तिला स्वतःलाच तो खरा वाटायला लागला होता.

मी फ्रीज उघडला. आदल्या दिवशीच्या सीरमची एक छोटी नळी मी मुद्दाम रात्रभर हलवल्याशिवाय उभी ठेवली होती. ही जुनी पद्धत आहे. आता कुणी फारसं करत नाही, पण मला सवय. ती नळी मी शालनबाईंच्या हातात दिली.

"ही तुमच्या लेकीची. मला सांगा, म्हशीचं दूध रात्रभर ठेवलं तर सकाळी काय होतं?"

"साय धरती." त्या तोऱ्यातच म्हणाल्या. "त्यात काय?"

"खाण्यातली चरबी रक्तात असली, तर तीही अशीच वर तरंगते. थंडीत रात्रभर ठेवली की वर सायीचा थर येतो आणि खाली पाणी निवळतं. आता बघा यात साय आहे का."

त्यांनी नळी दाराकडच्या उजेडात धरली. तिरकी केली. मामांनीही मान पुढे काढली. वरपासून खालपर्यंत सगळं एकसारखं गढूळ. साय नव्हती.

"न्हाई," शालनबाई म्हणाल्या.

"ही तुपाची चरबी नाही. ही पूनमच्या शरीरानं स्वतः बनवलीये. बाहेरून आलेली नाही."

"आन सवताच कशापायी बनवंल?" मामांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

मग मी पूनमला लघवीची बाटली दिली. ती आल्यावर काचेच्या नळीत थोडी ओतली, स्पिरिटचा दिवा पेटवला आणि नळीचा वरचा भाग ज्योतीवर धरला. पट्ट्या येण्याआधी आम्ही असंच करायचो. सगळे टेबलाभोवती गोळा झाले. पाणी तापलं, आणि बघता बघता वरचा भाग पांढरा झाला. मी दोन थेंब औषध टाकलं. पांढरं विरघळलं तर क्षार समजायचे, राहिलं तर प्रथिन. पांढरं तसंच राहिलं, उलट त्याच्या गुठळ्या झाल्या.

"आगं बया," हिराबाई म्हणाली. "ह्ये तर अंडं शिजल्यावानी."

"तसंच आहे. अंड्यातलं पांढरं असतं ना, तसलंच सत्त्व रक्तात असतं. किडनी म्हणजे चाळण. चाळणीनं घाण सोडायची आणि सत्त्व धरून ठेवायचं. पूनमची चाळण बिघडलीये, सत्त्व लघवीतून चाललंय. म्हणून अंगात पाणी साठतं आणि सूज येते. लिव्हरला वाटतं, सत्त्व कमी पडतंय, बनवा. ते जीव तोडून बनवत राहतं, आणि त्याच्या जोडीनं चरबीही रक्तात सोडत राहतं. ती रक्तातून उचलून न्यायचं कामही मंदावतं. म्हणून हे दूध. तुमची सून लाडू न खाताही अशीच सुजली असती. आणि तिला पाण्यावर ठेवलं, तर आहे ते सत्त्वही जाईल."

 दिवा विझवताना माझ्या लक्षात आलं, की इतका वेळ आपण सगळे पूनमबद्दल बोलतोय आणि तिला कुणी काही विचारलेलंच नाही. ती बाकावर भिंतीला टेकून बसली होती. सुजलेले डोळे अर्धवट मिटलेले. मी तिच्याजवळ बसले.

"बाई," ती हळूच म्हणाली, "माझ्या दुदातनं ह्ये बाळाला जाईल का?"

तीच तिची धास्ती. कालपासून तिनं बाळाला अंगावर पाजलंच नव्हतं, वरचं दूध देऊन भागवलं होतं, हे हिराबाईलाही ठाऊक नव्हतं. दुधानं छाती दाटून आली होती बिचारीची.

"नाही गं," मी म्हटलं. "हा आजार दुधातून जात नाही. पुढं औषधं सुरू झाली की पाजायचं कसं, ते पुण्याचे डॉक्टर सांगतील. आत्ता घे त्याला."

तिनं सासूकडून बाळ घेतलं, पाठ फिरवून बसली, आणि पदराआड रडली. थोड्या वेळानं डोळे पुसून तिनं मामांकडे बघितलं. "मामा, मला पुन्याला जायाचंय. काढाबिडा न्हाई. संतोषराव, गाडी काढा."

नवऱ्याचं नाव असं चारचौघांत घेतलेलं बघून शालनबाई चमकल्या. गाडीत लेकीशेजारी, हिराबाईच्या जागी, त्या बसल्या. हिराबाई दारात उभी राहिली. दोघी विहिणींनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. मामा माझ्यासमोर घुटमळले, मग म्हणाले, "ती नळी... बरोबर न्हेता यील का? डाक्टरला दावाया?" मी बर्फाच्या पिशवीत घालून दिली.

पुण्यात किडनीचा तुकडा काढून तपासला. मामांनी सांगितलेली सुई ती हीच, आणि पूनम म्हणते, दात काढण्याइतकंच दुखलं. आजार बरा होण्यातला निघाला. सूज उतरायच्या गोळ्या, किडनीची गळती थांबवणाऱ्या गोळ्या, काही काळ कोलेस्टेरॉलचीही गोळी, मीठ अगदी बेताचं. बाळाला पाजण्याचा मार्गही डॉक्टरांनी काढून दिला. पुढच्या तपासण्या दर वेळी पुण्याला जाऊन करण्यापेक्षा माझ्याकडे करायच्या ठरल्या.

माझ्या उभ्या आयुष्यात मी कशाची वाट पाहिली असेल, तर ती पूनमच्या त्या नळ्यांची. पहिल्या वेळी दूध तसंच होतं. पुढच्या वेळी ते ताकासारखं पातळ दिसलं. मग पाणी घातलेल्या ताकासारखं. मधेच सर्दी-तापाचं निमित्त झालं आणि आजार पुन्हा उलटला, पट्टी परत हिरवी झाली. पूनम त्या दिवशी बाकावरून उठेना. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. आम्ही परत मोजत राहिलो.

आणि मग एका सकाळी मी मशीनचं झाकण उघडलं, तर सीरम स्वच्छ. पिवळं, निवळशंख. नळीमागं बोट धरलं तर बोटाच्या रेघा दिसत होत्या. मी ती भाचीला दाखवली, शेजारच्या मेडिकलवाल्याला दाखवली, आणि वेल्ह्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आकडे सांगा." मी म्हटलं, "आकडे मागाहून. आधी रंग ऐका." लोक म्हणतात, लॅबवाल्यांचा रुग्णांशी काय संबंध, ते तर नुसते कागद देतात. त्या दिवशी मला कुणी असं म्हणायला हवं होतं.

दोन्ही घरं मात्र सांधली नव्हती. सणावाराला, हळदीकुंकवाला येणंजाणं होतं, पण विहिणी एकमेकींशी बेताचंच बोलायच्या. पूनमनंच मला सांगितलं, की सासूबाईंनी तूप कढवायचंच सोडलंय. मी हिराबाईला निरोप पाठवला, की घरातल्या बाकीच्यांनी तुमचं काय बिघडवलंय? तरी तूप काही कढलं नाही.

लॅब भाचीच्या हाती सोपवण्याच्या थोडं आधीची गोष्ट. बाजाराचा दिवस होता, लॅबमध्ये गर्दी. दारातून हिराबाई आत आली, आणि तिनं एका बाईचं मनगट घट्ट धरलं होतं. ती बाई शालनबाई होती.

"बाई, हिचं रगत घ्या आन लगवी बी. उपाशी आनलीय. सकाळपासनं च्या बी पिऊ दिला न्हाई."

"काय झालं?"

"काय व्हतंय? साखर हाय हिला धा वर्सं, कुनाला सांगत न्हाई. पूनमकडं आलती ऱ्हायला. पाय सुजल्यालं दिसलं. म्या दाबून बघितलं, तर खड्डा पडला. म्हनलं, चला."

शालनबाई ओशाळून खाली बघत होत्या. "एवढं काय न्हाई वो बाई. चालून चालून सुजत्यात पाय. ह्यास्नीच चैन पडंना."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला. सुई पाहून त्यांनी तोंड फिरवलं आणि हिराबाईचा पदर मुठीत धरला. "इहीणबाई," त्या म्हणाल्या, "त्या दिशी हितं म्या तुमास्नी नाय नाय त्ये..."

"हात हालवू नगासा," हिराबाई म्हणाली. "बाईंची सुई हालंल."

दुपारपर्यंत दोघी बाकावर बसून राहिल्या. लघवीत प्रथिन होतं, पण थोडंसं. रक्तात चरबी वाढलेली होती, पण सीरम अजून स्वच्छ होतं. साखरेनं किडनीला नुकतीच झळ लागायला सुरुवात झाली होती. डॉक्टरांशी फोनवर बोलून मी दोघींना सांगितलं, की वेळेत आलात. गोळ्या घ्याव्या लागतील, साखर आणि रक्तदाब सांभाळावा लागेल, पण किडनी पुष्कळ वर्षं टिकवता येईल. आणखी वर्षभर पाय चालून सुजतात म्हणत राहिला असता, तर हे मला सांगता आलं नसतं.

शालनबाईंनी डोळे पुसले. "आन खायाचं काय आता? आमाला कोन सांगनार त्ये?"

मी तोंड उघडायच्या आत हिराबाई म्हणाली, "म्या सांगते. पूनमच्या येळी समदं शिकलेय म्या. मीठ किती, तेल किती, डाळ किती. चार दिस माझ्याकडं चला. करून घालते."

शालनबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग पिशवी उचलून म्हणाल्या, "चला. तुमच्या हातचंच खाते."